सासऱ्यांची टेकडी

एका टेकडीवर इतका जीव लावलेला दुसरा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि हे मी पुण्याचा माणूस म्हणून पूर्ण जबाबदारीने सांगतो. पुण्यात दर माणशी एक टेकडी असते. तिच्यावर रोज पहाटे जाऊन माणूस आपली तब्येत आणि आपली मतं दोन्ही ठणठणीत ठेवतो. पण खाली उतरला की टेकडी विसरून दुधाच्या रांगेत उभा राहतो. माझे सासरे टेकडीवरून कधी खाली उतरलेच नाहीत. बनशंकरीतल्या घराच्या ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसलेले असोत, टेलिफोन खात्याच्या कचेरीत कागदांवर सह्या करत असोत, नाहीतर कुणाच्या मुंजीच्या पंगतीत साराची वाट बघत असोत, मनाने ते त्या टेकडीच्या अर्ध्या वाटेवर असत. समोरचा माणूस बोलत असताना त्यांची नजर मध्येच वर जाऊन स्थिरावली, की ओळखावं, अण्णा वरच्या धोंड्यापाशी पोचले.

टेकडी म्हणावी तर तेवढीच. बनशंकरीच्या पुढे शहराची बस जिथे वळसा घालून परत फिरायची, तिथून नाचणीच्या शेतांतून बराच वेळ चालत गेलं की एक खेडं लागायचं आणि त्या खेड्याच्या पाठीशी हा काळ्या-करड्या धोंड्यांचा ढीग; हमालाने पोती उतरवावीत आणि पुढचं उद्या बघू म्हणून जेवायला निघून जावं, तसा. धोंड्यांच्या फटींतून सीताफळाची झुडपं, माथ्यावर एक वाकडा पिंपळ, पायथ्याला मारुतीचं बसकं देऊळ, देवळापुढे चिंच, चिंचेपलीकडे तळं. गावकऱ्यांनी टेकडीला नाव ठेवायचीही तसदी घेतली नव्हती. ते तिला नुसतं 'गुड्ड' म्हणत. कन्नडमध्ये गुड्ड म्हणजे टेकडी.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नव्वद सालानंतर कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी जी पुण्याची पोरं बंगळुरात येऊन पडली त्यातला मी एक. कोरमंगलात तेव्हा संध्याकाळी रस्त्यात कुत्रीसुद्धा निवांत झोपत. तिथे एक खोली घेऊन राहत होतो. ओळखीतून स्थळ आलं. मुलीकडचे लोक मराठी, पण इथले. त्यांचे पूर्वज कधी काळी मराठी फौजांच्या मागून इकडे आले आणि परतीची आठवणच कुणाला राहिली नाही. घरात मराठी लोणच्यासारखी मुरवून ठेवलेली, वर कन्नडची फोडणी. मुली वडलांना अण्णा म्हणत आणि आईला अम्मा. मी मुलगी बघायला गेलो, उप्पिट खाल्लं, आणि आता पगार विचारतील म्हणून आकडा मनात घोळवत बसलो. अण्णांनी पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही. उप्पिटाची बशी बाजूला सारून ते म्हणाले, "रविवारी सवड आहे काय? आपण स्वल्प गुड्ड बघून येऊ."

मला वाटलं, गुड्डू नावाचा कुणी नात्यातला लहान मुलगा असणार आणि घराण्यात त्याला भेटवण्याची चाल असणार. रविवारी मी इस्त्रीचा शर्ट आणि कातडी बूट घालून, खिशात मूठभर चॉकलेटं घेऊन हजर झालो. अण्णा आले ते पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्याला माकडटोपी, खांद्याला थर्मास आणि हातात कचेरीची छत्री अशा वेशात. बंगळूरच्या हवेत माकडटोपीची गरज जानेवारीतले चार दिवस सोडले तर कुणालाच नसते, पण टेकडीवरचा वारा वेगळा असतो अशी त्यांची श्रद्धा होती. ती चॉकलेटं आम्ही दोघांनी माथ्यावर बसून खाल्ली.

टेकडीवर नेण्यामागचं गणित असं होतं. "पोहे खाताना सगळी मुलं चांगलीच दिसतात," अण्णा म्हणायचे. "माणूस बघावा तो धाप लागल्यावर." त्यामुळे दोन्ही मुलींसाठी सांगून आलेलं प्रत्येक स्थळ त्यांनी टेकडीवर नेलं होतं. माझ्या आधी एक अमेरिकेतला मुलगा होऊन गेला. त्याने अर्ध्या वाटेवर उभं राहून, इथे साईटचा भाव काय चाललाय, असं विचारलं. त्या काळात बंगळुरात दोन माणसं भेटली की साईटबद्दल, म्हणजे घराच्या प्लॉटबद्दलच बोलायची, पण अण्णांनी तिथूनच पाठ फिरवली. दुसरा एक दर वळणावर खिशातून कंगवा काढून भांग पाडायचा. तिसरा चांगला होता, फक्त तो सारखा विचारत राहिला, "अजून किती आहे?" अण्णांना हा प्रश्न सगळ्यांत नावडता. "ज्याला टेकडी किती उरली याची घाई," ते म्हणाले, "त्याला संसार किती उरला याचीही लागणार."

मी सह्याद्रीतले गड पायांखाली घातलेला गडी. तो ढीग बघून मला हसू आलं, आणि आपण काय चीज आहोत हे दाखवायला मी धोंड्यांवरून उड्या मारत सरळ माथ्यावर जाऊन बसलो. अण्णा पुष्कळ वेळाने आले. छत्री टेकून उभे राहिले, श्वास आवरला, आणि म्हणाले, "आलात. काय बघितलंत?" मी आजूबाजूला पाहिलं. काहीच बघितलं नव्हतं. "सरी," ते म्हणाले, म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे, "पुढच्या रविवारी परत या." अशा रीतीने मी दुसऱ्या खेपेला, म्हणजे इंजिनियरिंगच्या भाषेत एटीकेटी घेऊन, त्या घराचा जावई झालो.

जावई झाल्यावर कळलं, की परीक्षा संपली तरी अभ्यास सुटत नाही. दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बस पकडून टेकडी. पाहुणा पुण्याचा असो की धारवाडचा, सर्दीचा असो की नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचा नवरा असो, त्याला टेकडी. पाहुण्यांनी राजवाडा नाहीतर बागा बघायच्या म्हटल्या की अण्णा दुखावले जात. "ते सगळं माणसांनी बांधलेलं," असं म्हणून ते थर्मास धुवायला घेत. माणसांचं मोजमापही टेकडीवरच व्हायचं. मोठमोठ्या गोष्टी सांगून ऐनवेळी गायब होणाऱ्या मेहुण्याला ते 'अर्ध्या वाटेचा' म्हणत. कचेरीतल्या साहेबाबद्दल विचारलं तर म्हणत, "चढतो बरा, उतरताना लोकांना ढकलतो." आणि आकाशात ढग आला, की गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे बघून ते वाळवण उचलायचं की नाही याचा निकाल द्यायचे. गच्चीवरून टेकडी दिसत नव्हती. मधे पाण्याची टाकी होती. निकाल बहुतेकदा चुकायचा आणि सासूबाई तो ऐकण्याआधीच सांडगे आत आणून ठेवायच्या.

माथ्यावर पोचलं की दिशांचा कार्यक्रम. पिंपळापाशी उभं राहून छत्रीच्या टोकाने ते एकेक दिशा दाखवत. "तिकडे म्हैसूर."

"दिसत नाही, अण्णा."

"दिसत नाही. पण आहे."

"आणि त्या बाजूला?"

"त्या बाजूला हेब्बाळ. शहर ओलांडून. तेही दिसत नाही." यात त्यांना काही कमी वाटत नसे. जे दिसत होतं, खालचं देऊळ, तळं, तुतीचे मळे, रस्त्यावर पसरलेली नाचणी, त्याकडे मात्र छत्री कधी वळली नाही. ते सगळं सासूबाईंच्या हद्दीत होतं. त्या टेकडी चढत नसत. आम्ही वर जाऊन येईपर्यंत त्या चित्रान्नाचा डबा घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसत. लग्न झाल्यापासून अशाच बसत आल्या होत्या, आणि तिथे त्या काय करतात हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी तर नाहीच.

अशी काही वर्षं गेली. अण्णा निवृत्त झाले, आणि माझी मेहुणी वीणा हिने एक दिवस जेवताना सांगून टाकलं, की आपल्या बँकेतला शेखर नावाचा मुलगा आपल्याला पसंत आहे, नागपूरचा आहे, आणि त्याचीही पसंती आहे. घरात कुणी आरडाओरडा केला नाही. सासूबाईंनी तिच्या पानात तूप वाढलं. अण्णांनी ताकाचा पेला संपवला आणि ते म्हणाले, "रविवारी सवड आहे काय त्याला?"

शेखर बसस्टॉपवर आम्हा सगळ्यांना येऊन मिळाला तेव्हा मला वीणाची काळजी वाटली. मुलगा उंच, त्याहून रुंद, आणि चेहऱ्यावर विदर्भातल्या माणसाचं ते निर्धास्त हसू, ज्याला आपण कुठे परीक्षेला बसलोय याची खबरच नसते. त्याला सगळं माहीत होतं, हे नंतर कळलं. वीणाने त्याला आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं: वाटेत किंमत काढू नकोस, पुढे पळू नकोस, किती उरली विचारू नकोस. खेड्यापर्यंत तो मजेत चालला. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या नाचणीवरून लॉरी गेली की काम आपोआप होतं, हे बघून तो थांबून हसला. देवळापाशी सासूबाई नेहमीच्या जागी बसल्या. अण्णांनी माकडटोपी कानांवर ओढली, छत्री उचलली आणि म्हणाले, "चला."

शेखर कट्ट्यावर सासूबाईंच्या शेजारी बसला. "मी नाही येत वर, काका," तो म्हणाला. "तुम्ही जाऊन या. मी बसतो इथंच."

इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलेलं नव्हतं. लोक हरले होते, घसरले होते, एकाचा पाय मुरगळला होता. पण नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. माझी बायको माझ्याकडे बघू लागली. वीणाने मान खाली घातली.

"का?" अण्णा म्हणाले.

"दम लागते मला. आणि दम लागला का बोलणं होत नाही. मला तर तुमच्यासंग बोलाचं होतं आज. वर जाऊन मी नुसता हाशहुश करत बसीन, तुम्ही म्हणसान, पोरगा मुका आहे का?"

"हळू चढू."

"हळू चढलं तरी तेच होते, काका. लहानपणापासून आहे. तुमच्या मनातून उतरलो तर उतरलो, पण खोटंखोटं चढून दाखवणं बरं नाही ना."

अण्णा छत्री टेकून टेकडीकडे बघत राहिले. वीणा पुढे होऊन शेखरच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि म्हणाली, "मग मीही नाही येत." अण्णांच्या शब्दाबाहेर ती जन्मात गेली नव्हती. आता हे एकटेच तरातरा वर निघून जाणार, संध्याकाळी न बोलता जेवणार आणि हे लग्न मोडणार, असं मला स्पष्ट दिसत होतं. मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. अशा वेळी जावयाला दुसरं काही करता येत नाही.

अण्णा वळले, आणि कट्ट्यावर बसले. सगळ्यांत टोकाला, दुसऱ्याच्या घरी बसावं तसे.

तेवढ्यात तळ्याकडून एक बाई डोक्यावर तुतीच्या पाल्याचा भारा घेऊन आली, सासूबाईंना बघून थांबली आणि कन्नडमध्ये घरच्यासारखं बोलू लागली. तिचं नाव गौरम्मा. सुनेला दिवस गेलेत, गायीने दूध कमी केलंय, अशा सगळ्या बातम्या सांगून झाल्यावर तिने माकडटोपीकडे बघून हळूच विचारलं, "हे कोण?"

"माझे यजमान," सासूबाई म्हणाल्या.

"ते वर जाणारे?"

"तेच."

गौरम्माने अण्णांना नीट न्याहाळून घेतलं. इतकी वर्षं नुसता गोष्टींत ऐकलेला माणूस प्रत्यक्षात कसा दिसतो, अशा नजरेने. मग ती सगळ्यांना घरी चला म्हणाली. सासूबाई उठल्या, वाट त्यांच्या पायांखालची होती. आम्ही मागोमाग. त्या कौलारू घराच्या मागच्या खोलीत बांबूच्या मोठमोठ्या चाळण्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्यांत रेशमाचे किडे पाला खात होते. आत अंधार होता, आणि बारीक भुरभुर पाऊस पत्र्यावर पडावा तसा आवाज होता. शेखर दारात थबकला. "पाऊस आला का?" त्याने विचारलं. सासूबाई हसल्या. "खातात ती," त्या म्हणाल्या. "गप्प उभे राहा आणि ऐका."

अण्णा टोपी काढून ऐकत उभे राहिले. टोपी काढल्यावर ते एकदम म्हातारे दिसले. मग त्यांनी विचारलं, "हे केव्हापासून आहे इथे?"

"पहिल्यापासून आहे की."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही वर होता," सासूबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. माणूस कुठे होता एवढंच त्या सांगत होत्या.

गौरम्माने बसायला चटई टाकली, गुळाचा चहा दिला. शेखर आणि अण्णा अखेर बोलू लागले. नागपूरचा उन्हाळा, शेखरच्या आईचं दुखणं, बँकेतली कामं, आणि लग्नानंतर वीणाने नोकरी सोडावी का, यावर शेखरने, "सोडाची कशाला? माझ्याहून बरं काम करते ती," असं म्हटलं तेव्हा वीणा पहिल्यांदा मान वर करून बसली. चहा संपला. निघायची वेळ झाली. सगळे उठले, आणि अण्णा उठेनात.

त्यांनी छत्री रोवली, एक हात भिंतीला लावला, अर्धे उठले आणि परत बसले. पुन्हा एकदा तसंच. मला वाटलं चटईत पाय अडकला. शेखरने पुढे होऊन काही न विचारता त्यांच्या दोन्ही काखांत हात घातले आणि त्यांना उभं केलं. त्याच्या अंगात ताकद भरपूर होती, फक्त ती वर चढायच्या कामाची नव्हती.

"गुडघे का, काका?" त्याने विचारलं. "केव्हापासून?"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे. मग ते म्हणाले, "वीणा नोकरीला लागली तेव्हापासून."

"मग चढत कशाला होता?"

"मुलगी लग्नाची आहे ना," अण्णा म्हणाले.

ते इतक्या साधेपणाने म्हणाले, की कुणाला हसू आलं नाही. वीणा त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांची माकडटोपी हातातून घेऊन उगाच नीट घडी घालून परत दिली. परतीच्या वाटेवर मी आणि सासूबाई मागे राहिलो होतो. तुम्हाला माहीत होतं का, असं मी विचारलं. "रोज रात्री तेल कोण लावतं?" त्या म्हणाल्या. "माझं ऐकत नव्हते. म्हटलं, देवा, एखादा तरी मुलगा असा येऊ दे, की जो नाही म्हणेल."

लग्न झालं. साधंच, बनशंकरीतल्या एका कार्यालयात. पंगतीत अण्णांनी शेखरच्या नागपूरच्या काकांना मुलगा कसा निवडला ते सांगितलं. त्यात टेकडी, धाप, कंगवा हे सगळं होतं. फक्त शेवट त्यांनी असा केला, की परीक्षा घेणारा नापास झाला आणि सुटला. त्यानंतर अण्णांमध्ये जो फरक पडला तो काही फार मोठा नव्हता. त्यांनी तोच हट्ट तसाच्या तसा उचलला आणि पायथ्याशी आणून ठेवला. रविवारी बस चुकत नव्हती. थर्मास होता, माकडटोपी होती. पण आता कुणी पाहुणा टेकडी चढायचं नाव काढू लागला तर अण्णा त्याला कट्ट्यावर बसवत. "वर काय आहे?" ते म्हणत. "वारा आहे. बसा स्वल्प." मग चिंचेखालची कुठली जागा सकाळची, कुठली दुपारची, तळ्यावर पाणकोंबड्या कुठल्या कडेला येतात, गौरम्माच्या किड्यांचा आवाज ऐकायला पाला घातल्यावर किती वेळ थांबावं, यावर व्याख्यान. सासूबाईंनी आयुष्यभर न बोलता जमवलेला सगळा ऐवज ते अशा थाटात सांगत, की शोध त्यांनीच लावला असावा. सासूबाई शेजारी बसून शेंगा सोलत आणि मधूनच एखादी चूक दुरुस्त करत. शेखर दोघांच्या मधे बसायचा. तो आणि अण्णा तासन्‌तास बोलत नसत, आणि तरी येताना बसमध्ये अण्णा सांगायचे, की आज शेखरशी छान गप्पा झाल्या.

दशक संपत आलं तसे त्या वाटेवर साईट आखल्याचे पांढरे खुणेचे दगड दिसू लागले. आधी नाचणीच्या शेतांत, मग तुतीच्या मळ्यांत. बस पुढे खेड्यापर्यंत जाऊ लागली. गौरम्माच्या मुलाने शहरात रिक्षा घेतली. अण्णा त्या दगडांबद्दल काही बोलत नसत. चालताना त्यांना वळसा घालून जायचे, एवढंच. आताशा त्यांना लांबचं नीट दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि ते पुढे ढकलायला अण्णांना रोज नवं कारण सापडत होतं.

त्याच सुमारास माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे तिथे गेलो. जेवण झालं. चिंचेखाली बसल्या बसल्या अण्णा मला म्हणाले, "जावई, तुम्ही एकदा वर जाऊन या. मी बघतो इथून."

मी एकटाच निघालो. घाई केली नाही. सीताफळं धरलेली होती, धोंडे उन्हाने तापले होते. वर पोचून मी पिंपळापाशी उभा राहिलो आणि खाली पाहिलं. देऊळ, तळं, चिंच. चिंचेखाली सासूबाईंचं हिरवं लुगडं, शेखरची ऐसपैस आकृती, त्याच्या बाजूला माझी बायको आणि वीणा. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, सावलीच्या बाहेर येऊन, अण्णा उभे होते. हात उंच करून हलवत होते. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. डाव्या हाताला, माझ्यापासून बऱ्याच अंतरावर, एक उभा काळा धोंडा होता. अण्णा त्या धोंड्याला हात करत होते, मनापासून, पुन्हा पुन्हा.

वाट त्या बाजूला नव्हती. मी झुडपं बाजूला सारत, हाताला ओरखडे घेत त्या धोंड्यापर्यंत गेलो. त्याच्यावर चढून उभा राहिलो, आणि तिथून त्यांना हात केला.